हाताच्या धमन्या आधी बोटांनी वाचाव्यात, मग चित्र मागावे

खरिपाची मळणी सुरू झाली की विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत हाताच्या जखमा येऊ लागतात. थ्रेशरमध्ये बाही अडकून ओढला गेलेला हात, कडबा कुट्टीच्या पात्याखाली सापडलेली बोटे, धुऱ्यावरचे गवत कापताना विळ्याने चिरलेले मनगट. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण वर्षभर येतात. त्यांना जखम नसते, फक्त "बोट गार पडते जी, रात्री लय ठणकते" एवढीच तक्रार असते. दोन्ही वेळी शोधायचे एकच असते: बोटाच्या टोकापर्यंत रक्त पोहोचते आहे का, आणि पोहोचत नसेल तर ते नेमके कुठे अडले आहे. नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, आंतरवासितेचे विद्यार्थी, परिचारिका आणि क्ष-किरण तंत्रज्ञ यांना हा शोध पायरीपायरीने घेता यावा, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे औषध सोडून रक्तवाहिन्यांचे चित्र काढणारी तपासणी, नसते, तिच्यासाठी रुग्णाला नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ किंवा अमरावती गाठावे लागते. सिरोंच्याहून गडचिरोलीच २०० किलोमीटरच्या पुढे आहे. एवढ्या प्रवासानंतर रुग्णाच्या हातात "हाताची अँजिओग्राफी करावी" इतकीच चिठ्ठी असेल, तर तिथल्या क्ष-किरणतज्ज्ञाला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. अशा चिठ्ठ्या मी स्वतःही लिहिल्या आहेत, त्यामुळे त्यांचा तोटा चांगला ठाऊक आहे.

पहिली पायरी: स्वतःच्या हातावर नकाशा काढणे

एक बॉलपेन घ्यावे आणि आपला डावा हात तळवा वर करून टेबलावर ठेवावा. दंडातून आलेली ब्रेकियल धमनी कोपराच्या खळगीत दोन फाट्यांत विभागते: अंगठ्याच्या बाजूने जाणारी रेडियल आणि करंगळीच्या बाजूने जाणारी अल्नर. काही जणांत हा फाटा दंडातच, बराच वर पडलेला असतो आणि त्यांतली एखादी धमनी कोपराजवळ कातडीच्या अगदी खाली येते. म्हणून कोपरात इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सलाईनची नळी) टाकण्यापूर्वी, शीर कितीही ठळक दिसत असली तरी, तिच्यावर बोट ठेवून ठोका लागत नाही ना हे पाहावे. शिरेत द्यायचे औषध धमनीत गेले तर पूर्ण हात धोक्यात येतो.

रेडियल धमनी मनगटावर आपण रोज मोजतो तीच. अंगठ्याकडची एक जाड शीर, म्हणजे स्नायूबंध, आणि हाड यांच्या मधल्या पन्हाळीत ती असते. तिथे फुली करावी. पुढे ती तळव्यात सरळ उतरत नाही, इथे नवशिक्यांची नेहमी गफलत होते. ती अंगठ्याच्या मुळाखालून वळसा घालून मळहाताकडे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, जाते. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन स्नायूबंधांच्या मध्ये एक खळगी दिसते. पूर्वी लोक या खळगीत तपकीर ठेवून ओढत, म्हणून शरीररचनेच्या पुस्तकांत तिला तपकीरदाणीचे नाव मिळाले. त्या खळगीच्या तळाशी हलके बोट ठेवले तर रेडियलचा ठोका लागतो. तिथून ती अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या स्नायूतून तळव्यात खोल शिरते आणि तळव्याची खोल कमान तयार करते.

अल्नर धमनी करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीजवळ हाताला लागणाऱ्या वाटाण्याएवढ्या हाडाच्या अंगठ्याकडच्या अंगाने तळव्यात येते. तिला अगदी चिकटून, करंगळीकडच्या बाजूला अल्नर नस, म्हणजे मज्जातंतू, असते. मनगटाच्या या भागात विळ्याचा घाव बसून रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर आत आंधळेपणाने चिमटा लावू नये. धमनीबरोबर नस चिरडली तर रक्त थांबते, पण करंगळीची जाणीव आणि हाताची पकड कायमची जाते. गॉजची घडी ठेवून सरळ दाब द्यावा, हात उंच धरावा आणि किमान दहा मिनिटे उचलून पाहण्याचा मोह आवरावा.

अल्नर धमनी पुढे तळव्याची वरची कमान तयार करते. अंगठा पूर्ण फाकवून त्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत तळव्यावर आडवी रेघ ओढली की वरच्या कमानीचा बाक साधारण त्या रेघेजवळ येतो. खोल कमान तिच्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर मनगटाकडे असते. वरच्या कमानीतून निघालेल्या धमन्या बोटांच्या बेचक्यांपाशी दुभंगतात आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक धमनी टोकापर्यंत जाते. बोट दुमडल्यावर घड्या जिथे संपतात त्या टोकांना ठिपके देऊन ते जोडावेत. धमनी आणि नस त्या रेघेच्या जरा तळव्याकडच्या बाजूला असतात.

इथे एक बारकावा आहे. तळव्यात कमान नसांच्या वर असते, पण बोटात हा क्रम उलटतो आणि नस धमनीच्या पुढे, म्हणजे तळव्याकडे येते. बोटाला तळव्याच्या बाजूने काप बसला असेल आणि त्यातून धमनीचे रक्त येत असेल, तर नस बहुधा आधीच कापली गेलेली असते. त्यामुळे बधिरतेचे इंजेक्शन देण्याच्या आधी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना तपासून लिहून ठेवावी. इंजेक्शननंतर ही माहिती कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही.

सगळ्यांच्या कमानी पूर्ण नसतात. कोलमन आणि अ‍ॅन्सन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६५० हातांच्या अभ्यासात वरची कमान ७८.५ टक्के हातांत पूर्ण होती, तर खोल कमान ९८.५ टक्के हातांत पूर्ण होती. म्हणजे अनेकांत एक धमनी बंद पडली तरी दुसरी हात सांभाळते, पण समोरच्या रुग्णाचे तसेच असेल हे गृहीत धरता येत नाही. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

दुसरी पायरी: डोळे, बोटे आणि घड्याळ

आधी अंगठ्या, बांगड्या, काळा दोरा किंवा गंडा काढायला सांगावे. दोरा देवाचा असेल तर कात्री लावण्याआधी विचारावे, "काकाजी, हात सुजला की हा आत रुतन, सोडू का?" असे विचारले की माणूस स्वतःच सोडून देतो. सर्पदंशाच्या रुग्णाच्या दंडाला घरच्यांनी आवळलेली दोरी बाहीखाली लपलेली असू शकते, म्हणून खांद्यापर्यंतचा हात उघडा करूनच पाहावा.

मग दोन्ही हात शेजारी ठेवून रंग, ऊब आणि नखांखालचा भराव यांची तुलना करावी. नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग सुमारे दोन सेकंदांत परतायला हवा. सावळ्या कातडीवर मळहात पाहून फसगत होते. नख किंवा बोटाचा गर पाहावा. दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यावा. त्यात ठळक फरक असेल तर अडथळा हातात नसून खांद्याजवळ असण्याची शक्यता वाढते. नाडी अनियमित लागली तर लगेच ईसीजी काढावा, कारण हृदयात धरलेली गुठळी सुटून कोपराच्या फाट्यावर येऊन अडकते. हात अचानक पांढरा, गार आणि बधिर पडला असेल आणि नाडी लागत नसेल, तर हे तासांचे नव्हे, मिनिटांचे काम आहे. वरिष्ठांना फोन, १०८ ची गाडी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय हाच तेव्हाचा क्रम असतो. चित्राची वाट पाहत इथे थांबू नये.

अशी घाई नसेल तेव्हा अ‍ॅलन चाचणी करावी. एडगर अ‍ॅलन यांनी १९२९ मध्ये ती मांडली, तीही बर्गरच्या आजारातील, म्हणजे धूम्रपानाशी जोडलेल्या आणि हातापायांच्या धमन्या बंद पाडणाऱ्या आजारातील, धमन्या तपासण्यासाठी, म्हणजे आपल्याकडच्या बिडी ओढणाऱ्या रुग्णाच्याच प्रश्नासाठी. आज आपण करतो ते तिचे सुधारित रूप आहे. रुग्णाला मूठ घट्ट आवळून अर्धा मिनिट धरायला सांगावी आणि मनगटावर रेडियल व अल्नर दोन्ही अंगठ्यांनी दाबाव्यात. मूठ उघडल्यावर तळवा फिका दिसतो. आता फक्त अल्नर सोडावी आणि सेकंद मोजावेत. पाच ते सात सेकंदांत तळवा लाल झाला तर अल्नर हात भरू शकते. पंधरा सेकंदांनंतरही अंगठ्याकडचा भाग फिकाच असेल तर ती अपुरी आहे. हीच कृती रेडियल सोडून पुन्हा करावी. मूठ उघडताना बोटे ताठ ताणली तर ताणानेच रंग परतत नाही आणि चाचणी खोटी ठरते, म्हणून बोटे किंचित वाकलेलीच ठेवायला सांगावे.

पल्स ऑक्सिमीटर असेल तर तो अंगठ्याला लावून रेडियल दाबावी आणि पडद्यावरची लाट पाहावी. आकडा पाहू नये. यंत्र मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवत असल्याने, लाट झोपली तरी ९७ हा आकडा काही वेळ तसाच राहतो आणि नवख्या माणसाचा उगाच विश्वास बसतो.

तिसरी पायरी: डॉपलर, आणि त्याआधी हात गरम करणे

डॉपलर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारे यंत्र. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भाचे ठोके ऐकण्याचे जे डॉपलर असते, ते हातासाठी वापरून निराशा पदरी पडते. त्याची वारंवारता २ ते ३ मेगाहर्ट्झ असते, खोलवरचे ऐकण्यासाठी. कातडीखालच्या बारीक धमनीसाठी ८ मेगाहर्ट्झचे पेन्सिल डॉपलर लागते. त्याने चित्र मिळत नाही, पण आवाज मिळतो, आणि रेडियल, अल्नर, कमान, बोटाच्या कडा असे पुढे सरकत गेल्यास आवाज कुठे थांबतो ते कळते. त्या जागी पेनने खूण करावी.

रंगीत डॉपलरचे यंत्र मात्र सोनोग्राफीचेच यंत्र आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी असते आणि ते पात्र डॉक्टरनेच वापरायचे असते. हातच तर तपासायचा आहे, म्हणून यंत्र उचलून शेजारच्या गावी शिबिराला न्यावे, असा विचार मनातही आणू नये.

तपासणाऱ्याने सर्वांत जास्त वारंवारतेचा चपटा प्रोब (यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग) निवडावा, १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक असल्यास उत्तम. मनगटावरच्या धमन्या साधारण २ ते ३ मिलिमीटर रुंद असतात आणि बोटातल्या १ मिलिमीटरच्या आसपास. म्हणून जेल भरपूर घ्यावे आणि प्रोब जेलवर जवळपास तरंगत ठेवावा. पोटावर देतो तसा दाब दिला तर बोटातली धमनी आपणच बंद करतो. धमनीच्या दोन्ही बाजूंना जोडशिरा असतात. हलक्या दाबाने मिटते ती शीर, धडधडत राहते ती धमनी. वेग मोजायचा असेल तर ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा, आणि बोटांकडे जाताना वेगाची पट्टी खाली आणावी, नाहीतर मंद प्रवाह रंगतच नाही.

विश्रांतीतल्या हाताच्या धमनीत लाट एकदा उंच चढते, क्षणभर उलटी जाते आणि पुन्हा थोडी पुढे येते. मूठ आवळून सोडल्यावर किंवा हात गरम केल्यावर उलटा भाग नाहीसा होऊन प्रवाह सतत पुढे दिसतो. हा आजार नव्हे. अडथळ्याच्या पुढे मात्र लाट हळू चढते आणि बुटकी, गोलसर होते. अडथळ्याच्या आधी ती टोकदार राहते, पण पुढे जाणारा प्रवाह कमी असतो. दोन्ही ठिकाणच्या लाटा शेजारी ठेवल्या की अडथळा कोणत्या दोन खुणांच्या मध्ये आहे ते ठरते.

आता माझी चूक सांगतो. जानेवारीतल्या एका सकाळी एक सालगडी बाप्पा मोटारसायकलवर मागे बसून तपासणीला आले होते. बाहेर धुके होते, खोलीतले जेल रात्रभर गार पडलेले होते आणि आल्या आल्या मी प्रोब लावला. तीन बोटांत प्रवाह जवळजवळ नव्हता. मी "बोटांच्या धमन्या बंद" असे लिहून अहवाल दिला. वरिष्ठांनी तो वाचून एकच विचारले, "हात शेकला होता का?" मग बाप्पांना चहा दिला, कोमट पाण्याच्या घमेल्यात हात ठेवायला लावले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तेव्हा तिन्ही बोटांत प्रवाह होता. बंद म्हणून लिहिलेल्या धमन्या थंडीने आवळल्या होत्या. कारण त्याहूनही पुढचे होते: "सकाळपासून किती खर्रे झाले?" असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, "दोनच झाले जी." तंबाखूतले निकोटिन धमन्या आकसते, मग ती बिडीतून जावो की खर्ऱ्यातून. तेव्हापासून मी रुग्णाला खोलीत दहा-पंधरा मिनिटे बसवतो, जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवतो आणि शेवटची बिडी किंवा खर्रा कधी झाला ते अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहितो. पाणी मात्र कोमटच हवे. बधिर बोटाला चटका कळत नाही.

चौथी पायरी: कोणते चित्र मागायचे

साधा क्ष-किरण स्वस्त आणि जवळचा आहे; हाड मोडले आहे का, कुट्टीचा लोखंडी तुकडा आत आहे का, मधुमेही किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाच्या धमनीत चुना साचला आहे का, एवढे त्यात कळते. धमनीतले रक्त त्यात दिसत नाही.

धमनी दिसण्यासाठी क्ष-किरण अडवणारे औषध आत सोडावे लागते, आणि ही कल्पना सर्वप्रथम हातावरच आजमावली गेली. राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांची माहिती प्रसिद्ध केली, आणि जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक व लिंडेनथाल यांनी एका मृताच्या कापलेल्या हातात चुना, पारदयुक्त हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून धमन्यांचे चित्र घेतले. त्याला ५७ मिनिटे लागली. जिवंत माणसाला असले मिश्रण देणे शक्यच नव्हते. सुरक्षित औषधे यायला पुढे बरीच वर्षे गेली.

आज सीटी अँजिओग्राफीत आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात आणि ते हातात पोहोचण्याच्या क्षणी छेदचित्रे घेतात. खांद्यापासून तळव्याच्या कमानीपर्यंतचा अडथळा, तुटलेली धमनी आणि तिच्याजवळची हाडे त्यात एकत्र दिसतात, म्हणून अपघातात ती सोयीची आहे. पाठवताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. इंट्राकॅथ चांगल्या हाताला लावून पाठवावे. आजारी हातातून औषध दिले तर त्याच हाताच्या भरलेल्या शिरा चित्र झाकोळतात. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल सोबत द्यावा आणि औषधाची पूर्वी कधी ॲलर्जी झाली होती का ते लिहावे. तिसरे, हात डोक्यावर ताणून झोपता येते का ते पाहावे. खांदा आखडलेल्या वयस्क रुग्णाला हे जमत नाही, आणि ते तिथे टेबलावर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

बोटातल्या बारीक धमन्यांसाठी सीटी अनेकदा तोकडी पडते. तिथे डीएसए लागते: धमनीत नळी घालून औषध सोडतात आणि हाडांची सावली संगणकाने वजा करून फक्त रक्तवाहिन्या उरवतात. धमनी नुसती आकसली आहे की खरा अडथळा आहे, हे ठरवण्यासाठी नळीतूनच धमनी सैल करणारे औषध देऊन दुसरे चित्र घेता येते. बिडी ओढणाऱ्या तरुणाच्या बर्गर आजारात बुचाच्या स्क्रूसारख्या नागमोडी पर्यायी वाहिन्या दिसतात त्या इथेच. एमआरआय अँजिओग्राफीत किरणोत्सर्ग नाही, पण वेळ जास्त लागतो, हात हलवून चालत नाही, आणि मूत्रपिंड फार कमजोर असेल तर तिच्या औषधाबाबतही जपावे लागते. घाईच्या रुग्णाला मी ती क्वचितच सुचवतो.

पाचवी पायरी: रुग्ण आणि तुटलेले बोट रवाना करणे

बोट तुटून आले असेल तर ते सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळावे, कोरड्या प्लास्टिक पिशवीत तोंड बांधून ठेवावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात बुडवू नये. एका मुलाचे बोट घरच्यांनी मोठ्या काळजीने बर्फाच्या गोळ्यांनी भरलेल्या स्टीलच्या डब्यात आणले होते. ते पांढरे, टणक झाले होते आणि जोडता आले नाही. थंड ठेवलेले बोट सुमारे २४ तासांपर्यंत जोडण्यालायक राहू शकते, न थंडावलेले सुमारे १२ तास. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला ही मुदत नाही, कारण त्यात स्नायू असतात आणि ते रक्तावाचून सहा तासांत मरू लागतात.

पत्रात चार वाक्ये पुरतात, पण ती नेमकी हवीत. उदाहरणार्थ: "उजव्या मनगटावर अल्नर बाजूला विळ्याचा घाव, दुपारी दोन वाजता. रेडियल नाडी लागते, अल्नर लागत नाही. रेडियल सोडल्यावर तळवा सहा सेकंदांत भरतो, पण करंगळी फिकी राहते. करंगळी आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाची संवेदना बधिरतेच्या इंजेक्शनपूर्वीच नव्हती. अल्नर धमनी घावाच्या जागी तुटली आहे का आणि वरची कमान कोठून भरते, हे सीटी अँजिओग्राफीत पाहावे." असे पत्र वाचणाऱ्याला छेदचित्रे कुठून कुठपर्यंत घ्यायची आणि कोणत्या शल्यचिकित्सकाला बोलवायचे ते आधीच कळते.

डॉपलरचा आवाज जिथे आला तिथे हातावर फुली आणि जिथे थांबला तिथे आडवी रेघ काढून रुग्णाला पाठवावे. या खुणा कशाच्या आहेत ते पत्रात लिहावे आणि नातेवाइकालाही सांगावे, नाहीतर वाटेत ड्रेसिंग बदलताना कुणीतरी स्पिरिटच्या बोळ्याने हात लख्ख पुसून देते.